मतदाराची ओळख : अवोन्डेलमधील दीडशे वर्षे

अवोन्डेल हे ऑकलंडच्या पश्चिम अंगाचे उपनगर. न्यूझीलंडच्या संसदेची निवडणूक असते तेव्हा तेथील मतदान केंद्रावर कोणाकडेही ओळखपत्र मागितले जात नाही. मतदार टेबलापाशी येतो आणि आपले नाव आणि पत्ता सांगतो. कर्मचारी छापील यादीत ते नाव शोधतो, त्यावर पट्टीने रेघ मारतो आणि मतपत्रिका हातात देतो. निवडणुकीपूर्वी घरी टपालाने एक कार्ड आलेले असते. त्याला ‘ईझीव्होट कार्ड’ म्हणतात. त्यावर मतदाराचे नाव, पत्ता, मतदारसंघ आणि यादीतील पान व ओळ छापलेली असते. कार्ड सोबत असले तर नाव पटकन सापडते. घरी विसरले तरी काही अडत नाही. त्यावर छायाचित्र नसते आणि ते ओळखीचा पुरावा मानलेही जात नाही.

आधार कार्ड, मतदार ओळखपत्र आणि बोटाची शाई यांची सवय असलेल्या भारतीय माणसाला हे ढिसाळ वाटते. महाराष्ट्रातून तेथे स्थायिक झालेल्यांना तर पहिल्या मतदानाच्या वेळी या गोष्टीचे हमखास नवल वाटते. पण येथे पडताळणी नसते असे नाही. ती दारात होत नाही. मतदानाआधी यादीत होते आणि मतदानानंतर मोजणीत होते. मतदानाला ओळखपत्र हवे की नको या वादात बहुतेक वेळा ही गोष्ट नजरेआड होते. पडताळणी नेमक्या कोणत्या टप्प्यावर असावी, हा या वादाचा गाभा आहे. न्यूझीलंडने दिलेले उत्तर एका दिवसात ठरलेले नाही, आणि अवोन्डेलच्या जुन्या नोंदींत त्याचे बहुतेक टप्पे पाहायला मिळतात.

मतदानानंतरची पडताळणी अशी चालते. प्रत्येक मतपत्रिकेला क्रमांक असतो आणि तिच्या स्थळप्रतीवर यादीतील पान व ओळ लिहिलेली असते. मतदान संपल्यावर मतदारसंघातील सर्व केंद्रांच्या रेघा मारलेल्या याद्या एकत्र करून ताडून पाहतात. एका नावावर दोन केंद्रांत रेघ आढळली की चौकशी सुरू होते. पुष्कळदा ती कर्मचाऱ्याची चूक निघते, रेघ शेजारच्या नावावर पडलेली असते. एकाच माणसाने खरोखर दोनदा मत दिल्याचे सिद्ध झाले, तर क्रमांकावरून त्या मतपत्रिका शोधून बाद करता येतात. मत गुप्त असते, पण पूर्णपणे निनावी नसते. कायद्याच्या चौकटीत आणि फक्त अशाच कारणासाठी ते माग काढून सापडू शकते. दुसऱ्याच्या नावाने मत देणे आणि दोनदा मत देणे हे दोन्ही भ्रष्ट आचरणात मोडते आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही सगळी छाननी करावी लागते म्हणून अधिकृत निकालाला वेळ लागतो. २०२३ मध्ये मतदान १४ ऑक्टोबरला संपले आणि अधिकृत निकाल ३ नोव्हेंबरला जाहीर झाला.

अवोन्डेलचे मूळ नाव फाऊ. शेजारून वाहणाऱ्या खाडीवरून ते पडले होते. १८६८ मध्ये तेथे फाऊ हायवे बोर्ड स्थापन झाले. रस्ते बांधणे आणि त्यासाठी कर वसूल करणे एवढेच त्याचे काम. १८८० मध्ये ऑकलंडहून रेल्वे आली आणि १८८२ मध्ये गावाला अवोन्डेल हे नाव मिळाले. बोर्डाचा मतदार म्हणजे करदाता. जमीन किंवा घर नावावर असणे हीच त्याची ओळख, आणि मालमत्ता मोठी असेल तर मतेही एकाहून अधिक. अशा वस्तीत ओळख पटवण्याचा प्रश्न निघत नसे. कोणाची विटांची भट्टी कुठे आहे आणि कोणाचे कुंपण कुठपर्यंत आहे हे सर्वांना ठाऊक असे. जॉन बोलार्ड या शेतकऱ्याने दीर्घकाळ या बोर्डाचे अध्यक्षपद सांभाळले आणि पुढे १८९६ ते १९१४ या काळात ईडन मतदारसंघातून संसदेत या भागाचे प्रतिनिधित्व केले. बोलार्ड ॲव्हेन्यू हा रस्ता आजही त्यांच्या नावाने आहे.

संसदेच्या निवडणुकांची सुरुवातही मालमत्तेवरच झाली. १८५३ च्या पहिल्या निवडणुकीत २१ वर्षांवरील पुरुषाला मत होते, पण त्याच्याकडे ५० पौंड किमतीची मालकीची जमीन असावी लागे, किंवा ठरावीक भाड्याचे घर वा पट्टा. मतदान उघड होते. मतदार अधिकाऱ्यासमोर उमेदवाराचे नाव घेई आणि भोवतालचे लोक ते ऐकत. तोतयेगिरी करणाऱ्याला सगळ्या गावासमोर खोटे बोलावे लागे. खरी भांडणे मतदानाच्या दिवशी होत नसत, त्याआधी यादीवर होत. नोंदणीचे अर्ज जाहीर लावले जात आणि कोणताही मतदार दुसऱ्याच्या नावावर हरकत घेऊ शके : याची जमीन विकली गेली आहे, हा येथे राहत नाही, हा मरून गेला आहे. यादी ही सार्वजनिक वस्तू आहे आणि ती शुद्ध ठेवणे हे शेजाऱ्यापाजाऱ्यांचेही काम आहे, ही कल्पना तेव्हापासूनची. न्यूझीलंडची मतदार यादी आजही लोकांना पाहण्यासाठी खुली असते. ज्यांच्या जिवाला धोका आहे, उदाहरणार्थ घरातील मारहाणीला कंटाळून बाहेर पडलेल्या स्त्रिया, त्यांची नावे मात्र अप्रकाशित यादीत ठेवतात.

१८७० मध्ये गुप्त मतदान आले. त्याने जमीनदाराचा आणि मालकाचा दाब कमी झाला, पण एक नवी अडचण उभी राहिली. मत कोणी कोणाला दिले हे आता कोणी ऐकत नव्हते. मग मत देणारा माणूस तोच आहे हे कसे कळणार? यादीवर रेघ आणि स्थळप्रतीवर क्रमांक हे त्याचे उत्तर होते. ब्रिटनमध्ये १८७२ मध्ये गुप्त मतदान आले तेव्हाही हाच मार्ग धरला गेला. गुप्ततेचा आग्रह धरणाऱ्यांना क्रमांक खटकत, आणि आजही काहींना खटकतात. तरीही ओळखपत्राविना चालणारी व्यवस्था याच एका तडजोडीवर उभी आहे हे मान्य करावे लागते. क्रमांक काढून टाकला तर दारात कागद मागण्याशिवाय दुसरा उपाय उरत नाही.

१८७९ मध्ये सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला. १८८९ मध्ये संसदेसाठी एका माणसाला एकच मत हे तत्त्व कायद्यात आले. मालमत्ता गेली आणि तिच्याबरोबर ओळखीचा जुना पुरावाही गेला. आता माणसाची ओळख म्हणजे त्याचे नाव आणि तो राहतो ती जागा. १९ सप्टेंबर १८९३ रोजी स्त्रियांना मताधिकार देणाऱ्या कायद्यावर सही झाली आणि २८ नोव्हेंबरला निवडणूक होती. मध्ये जेमतेम दहा आठवडे. चळवळीतल्या स्त्रिया घरोघर फिरल्या, अर्ज भरून घेतले आणि नोंदणी बंद होण्याआधी सुमारे १ लाख ९ हजार स्त्रियांची नावे यादीत आली. त्यातल्या सुमारे ९० हजार जणींनी मत दिले. प्रत्येकीकडे आधी कागदपत्र मागितले असते तर त्या दहा आठवड्यांत हे घडले नसते. विवाहित स्त्रीच्या नावावर त्या काळी कागद असे तरी कोणता?

याच्याशेजारी भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक ठेवून पाहावी. १९५१-५२ च्या त्या निवडणुकीच्या याद्या बनवताना असंख्य स्त्रियांनी परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगायला नकार दिला. अमक्याची बायको, तमक्याची आई अशा नोंदी झाल्या. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असे ठरवले आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळली गेली. त्यांत मोठा वाटा उत्तरेकडील राज्यांचा होता. सेन यांचा आग्रह तत्त्वतः बरोबर होता. ज्याला स्वतःचे नाव नाही अशा मतदाराची ओळख पटवणार कशी? पण त्या निवडणुकीपुरती किंमत त्या २८ लाख स्त्रियांनी मोजली. मतदाराच्या ओळखीसाठी घातलेली प्रत्येक अट आधी कोणाला अडवते हे यावरून दिसते. फसवणूक करणारा तिच्यातून वाट काढायला बसलेलाच असतो. कागदाच्या जगात ज्याचा वावर कमी, तो मात्र दारातच थांबतो.

अवोन्डेलमध्येही अशी माणसे होती. रोझबँकच्या सपाट, काळ्या मातीच्या जमिनीवर भाजीपाल्याचे मळे पिकत आणि ते कसणाऱ्यांत चिनी माळी होते. चिन्यांवर १८८१ पासून प्रवेशाचा डोईपट्टी कर होता, सुरुवातीला १० पौंड आणि १८९६ पासून १०० पौंड. १९०८ नंतर त्यांना नागरिकत्व देणेच बंद झाले आणि ते १९५० च्या दशकाच्या आरंभी पुन्हा सुरू झाले. नागरिकत्व नाही म्हणून मत नाही. याच लोकांकडून देशाबाहेर जाऊन परत येताना अंगठ्याचा ठसा घेतला जाई. ऑकलंडच्या बाजारात ज्यांची भाजी रोज विकली जात होती त्यांच्याकडून राज्याने सर्वांत काटेकोर ओळख मागितली आणि मताचा हक्क मात्र दिला नाही. ओळख पटवण्याची साधने कोणावर वापरली गेली याचा हिशेब न्यूझीलंडच्या इतिहासात इतका सरळ दुसरीकडे क्वचितच सापडतो.

माओरींची गोष्ट वेगळी होती. १८६७ च्या कायद्याने त्यांना चार स्वतंत्र जागा आणि २१ वर्षांवरील सर्व माओरी पुरुषांना मत मिळाले. मालमत्तेची अट नव्हती, कारण माओरी जमीन सामाईक मालकीची असे. पण गुप्त मतदान त्यांच्यापर्यंत पोचायला १९३८ साल उजाडले. तोवर माओरी मतदार अधिकाऱ्यासमोर तोंडी मत देई. माओरी मतदारसंघांना मतदार यादीही नव्हती, ती प्रथम १९४९ च्या निवडणुकीत वापरली गेली. म्हणजे पाऊणशे वर्षांहून अधिक काळ एकाच देशात मतदाराची ओळख ठरवण्याच्या दोन रीती होत्या. एकीकडे छापील यादी आणि बंद कप्पा, दुसरीकडे तोंडी शब्द आणि भोवतीचे साक्षीदार. माओरींना सक्तीची नोंदणी १९५६ मध्ये लागू झाली, इतर मतदारांना ती १९२४ मध्येच लागू झाली होती.

भारतीयांचे स्थान या दोघांच्या मधले होते. ते ब्रिटिश प्रजाजन असल्यामुळे येथे राहणाऱ्या भारतीयाला कायद्याने मत होते. शेजारच्या ऑस्ट्रेलियात १९०२ च्या कायद्याने आशियातील मूळ रहिवाशांना संघराज्याच्या निवडणुकांत मत नाकारले होते, तसे न्यूझीलंडने केले नाही. मात्र आत येण्याची वाट अरुंद केली. १८९९ च्या कायद्याने युरोपीय भाषेत अर्ज लिहिण्याची अट घातली आणि १९२० च्या कायद्याने प्रत्येक अर्जाला परवानगी देणे न देणे मंत्र्याच्या हाती ठेवले. १९२२ मध्ये श्रीनिवास शास्त्री ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडाच्या दौऱ्यावर आले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात १९०५ मध्ये स्थापलेल्या भारत सेवक समाजाचे ते गोखल्यांनंतरचे अध्यक्ष. साम्राज्यातील भारतीयांना नागरिकत्वाचे समान हक्क मिळावेत यासाठी तो दौरा होता. न्यूझीलंडमध्ये मताचा प्रश्न उरला नव्हता. म्हातारपणाच्या पेन्शनसारख्या बाबतींतला भेदभाव मात्र कायम होता. पुण्याच्या एका संस्थेचा माणूस या दूरच्या बेटांवर समान नागरिक म्हणजे कोण या वादात उतरला होता, ही बाब मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्याच वर्षी, १९२२ मध्ये, अवोन्डेल स्वतंत्र बरो झाले, म्हणजे आपल्याकडच्या छोट्या नगरपालिकेसारखे. ते पाचच वर्षे टिकले आणि १९२७ मध्ये ऑकलंड शहरात विलीन झाले. त्या पाच वर्षांत देशाच्या निवडणूक कायद्यात सर्वांत दूरगामी बदल झाला. १९२४ च्या दुरुस्तीने पात्र माणसाने मतदार यादीत नाव नोंदवणे सक्तीचे झाले. मत देणे ऐच्छिकच राहिले. त्या काळात जॉन बोलार्ड यांचे अवोन्डेलमध्येच जन्मलेले चिरंजीव रिचर्ड बोलार्ड हे देशाचे अंतर्गत व्यवहार मंत्री होते.

सक्तीच्या नोंदणीचे महत्त्व वरवर पाहता कळत नाही. जिथे नोंदणी ऐच्छिक असते तिथे यादी नेहमी अपुरी आणि शिळी असते. गेलेल्यांची नावे राहतात आणि आलेल्यांची चढत नाहीत. बोगस मतदान करणाऱ्याला अशीच यादी हवी असते, कारण जो माणूस मत द्यायला येणारच नाही त्याचे नाव वापरणे सर्वांत सोपे. नोंदणी सक्तीची आणि मतदानाचे प्रमाण मोठे असले की दुसऱ्याच्या नावावर मत देणारा बहुधा पकडला जातो, कारण त्या नावाचा खरा माणूसही दिवसभरात कधीतरी येतो आणि आपल्या नावावर आधीच रेघ असल्याचे त्याला दिसते. न्यूझीलंडमध्ये मतदान पिढ्यान्‌पिढ्या बहुतेक वेळा ७५ टक्क्यांच्या वर राहिले आहे. २०२३ मध्ये ते ७८ टक्क्यांच्या आसपास होते. यादीत बहुतेक सगळे आणि केंद्रावर त्यातले बहुतेक सगळे, हेच येथे ओळखपत्राचे काम करते.

ही व्यवस्था एकदा जोरात ढासळली. १९७८ च्या निवडणुकीच्या याद्यांत इतक्या दुबार आणि शिळ्या नोंदी राहिल्या की एकूण मतदारसंख्या सुमारे ४ लाख ६० हजारांनी फुगली असे पुढे मानले गेले. मतदान प्रत्यक्षाहून कमी झाल्यासारखे दिसले. ऑकलंडच्या दक्षिणेच्या हुनुआ मतदारसंघाचा निकाल न्यायालयात गेला आणि १९७९ मध्ये तो उलटून विन्स्टन पीटर्स हे नेते प्रथम संसदेत पोचले. त्यानंतर नोंदणीचे काम टपाल खात्याकडे सोपवले गेले. पत्ता बदलला की सर्वांत आधी टपालवाल्याला कळते हे त्यामागचे साधे तर्कशास्त्र, आणि ते कामी आले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की एवढा घोळ होऊनही देशाने केंद्रावर ओळखपत्र आणण्याचा मार्ग धरला नाही, यादी दुरुस्त करण्याचा धरला.

भारत त्या काळात उलट दिशेने चालला होता, आणि त्याला कारणे होती. ओळखपत्राची तरतूद १९५८ मध्येच कायद्यात आली होती. १९६० मध्ये कोलकात्याच्या एका पोटनिवडणुकीसाठी छायाचित्रे काढण्याचा प्रयत्न झाला, पण पडद्यातील स्त्रिया तयार होईनात आणि तो सोडून द्यावा लागला. बोटाला शाई तर पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासूनच लागत होती. १९७९ मध्ये सिक्कीममध्ये छायाचित्र असलेली कार्डे प्रथम दिली गेली. बूथ बळकावणे आणि बोगस मतदान यांचा सुकाळ झाल्यावर १९९३ च्या ऑगस्टमध्ये मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी देशभर छायाचित्र ओळखपत्राचा आदेश काढला आणि कार्डे नसतील तर निवडणुका होणार नाहीत असे सरकारांना बजावले. गावागावांत दंडेलशाही चालत असताना गरिबाच्या हाती स्वतःचा फोटो असलेले सरकारी कार्ड येणे ही ताकद होती. अनेकांच्या आयुष्यातला तो पहिला सरकारी कागद होता. म्हणून भारतात ओळखपत्राला विरोध करणारे फार कमी भेटतात. तरी भारतीय पद्धतीतही कार्डाखेरीज दुसरे उपाय शिल्लक आहेत. मतदान प्रतिनिधी दोन रुपये भरून मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घेऊ शकतो, आणि आपल्या नावावर कोणी आधीच मत देऊन गेले असेल तर खऱ्या मतदाराला प्रदत्त मतपत्रिका मिळते.

या दोन पद्धती आज एकाच माणसाच्या वाट्याला येतात. न्यूझीलंडने १९७५ मध्ये मताधिकारासाठी ब्रिटिश प्रजाजन असण्याची अट काढून टाकली आणि सर्व कायम रहिवाशांना मत दिले. जगात फार थोड्या देशांनी राष्ट्रीय निवडणुकीत एवढे दार उघडले आहे. १९९० च्या दशकात गुणांकनावर आधारित स्थलांतर धोरण आल्यावर मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर येथून कुटुंबे ऑकलंडला येऊ लागली. अवोन्डेल, ब्लॉकहाउस बे, न्यू लिन, माउंट रॉस्किल या पट्ट्यात भारतीय वस्ती वाढली. रहिवासी व्हिसा आणि सलग एक वर्षाचे वास्तव्य एवढ्यावर भारतीय पासपोर्टधारकाचेही नाव न्यूझीलंडच्या यादीत चढते. शिवाय भारताने २०१० च्या दुरुस्तीने परदेशातील नागरिकांना मतदार म्हणून नोंदणीची सोय दिली आहे. तो माणूस अवोन्डेलला नाव सांगून मत देतो. पुण्यातल्या आपल्या जुन्या मतदान केंद्रावर मात्र त्याला स्वतः हजर राहून मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. न्यूझीलंडचे नागरिकत्व घेतले की भारतातला मताधिकार संपतो.

ओळखपत्र असावे असे म्हणणाऱ्यांची बाजू टाकाऊ नाही. दारूच्या दुकानात वय सिद्ध करावे लागते, बँकेत खाते उघडताना कागद लागतात, मग सरकार निवडताना का नको? शहरे मोठी झाली. टेबलामागचा कर्मचारी शेजारी असण्याचा काळ केव्हाच गेला. बोलार्डांच्या अवोन्डेलमध्ये सगळे सगळ्यांना ओळखत, आजच्या अवोन्डेलमध्ये एका रस्त्यावर दहा भाषा बोलल्या जातात. निवडणूक स्वच्छ असणे पुरेसे नाही, ती स्वच्छ आहे असे लोकांना वाटलेही पाहिजे, हा त्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा.

विरोधकांचा मुद्दा कागदांच्या वाटणीचा आहे. न्यूझीलंडमध्ये राष्ट्रीय ओळखपत्र नाही. वाहन परवान्यावर छायाचित्र आले तेही १९९९ मध्ये. परवाना किंवा पासपोर्ट नसलेल्या तरुणांसाठी ‘किवी ॲक्सेस कार्ड’ आहे, पण ते पैसे भरून काढावे लागते. गाडी न चालवणारी वृद्ध स्त्री, भाड्याची खोली वरचेवर बदलणारा मजूर, अठरा वर्षांची मुले, आणि त्यांत माओरी व पॅसिफिक बेटांवरील कुटुंबे, यांच्याकडे कागद कमी असतात. ब्रिटनचा अनुभव ताजा आहे. तेथे उत्तर आयर्लंडमध्ये १९८५ पासून ओळख दाखवावी लागते आणि २००३ पासून ती छायाचित्रासह. इंग्लंडमध्ये ही अट मे २०२३ च्या स्थानिक निवडणुकांत प्रथम लागू झाली, आणि सुमारे १४ हजार मतदार केंद्रावरून परत गेले ते पुन्हा आले नाहीत. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडने २०१५ च्या राज्य निवडणुकीत ओळखपत्र मागून पाहिले आणि सरकार बदलताच त्याच वर्षी तो नियम रद्द केला. न्यूझीलंडमध्ये दारात होणारी तोतयेगिरी इतकी विरळ आहे की तिच्यासाठी हजारोंना परत पाठवण्याचा हिशेब जुळत नाही. हे मत पक्षपाती म्हणता येणार नाही, कारण नंतरच्या छाननीत प्रत्येक दुहेरी रेघ तपासलीच जाते.

खरी फट दुसरीकडे आहे. शहर परिषदेच्या आणि स्थानिक मंडळांच्या निवडणुका टपालाने होतात. अवोन्डेल २०१० पासून ऑकलंड परिषदेच्या फाऊ स्थानिक मंडळात आहे. त्या मंडळासाठीची मतपत्रिका पाकिटातून घरी येते आणि मतदार ती भरून परत पाठवतो. मत देणारा माणूस कोणालाच दिसत नाही. २०१० मध्ये शहराच्या दक्षिणेच्या ओतारा-पापातोएतोए मंडळाच्या निवडणुकीत अनेक मतदारांचे पत्ते खोटेपणाने बदलल्याचे उघड झाले आणि एका उमेदवारासह काहींना न्यायालयात दोषी ठरवले गेले. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच मंडळाच्या पापातोएतोए विभागात आपल्या मतपत्रिका परस्पर भरून पाठवल्या गेल्याच्या तक्रारी मतदारांनी केल्या, प्रकरण जिल्हा न्यायालयात गेले आणि त्या विभागाची निवडणूक रद्द ठरली. मतदान केंद्रावर ओळखपत्र मागून यातले काहीही थांबले नसते, कारण तेथे केंद्रच नव्हते. शिवाय परिषदेच्या निवडणुकांत मतदान कमी होते, पुष्कळ पाकिटे पेट्यांत पडून राहतात, आणि ज्या नावाचा माणूस कधी येणारच नाही त्याचे नाव वापरण्याची जुनी सोय परत मिळते. मतदानाचे मोठे प्रमाण हेच जिथे संरक्षण आहे, तिथे प्रमाण घसरले की संरक्षणही घसरते.

राष्ट्रीय पातळीवर वाद पुन्हा यादीवरच आला आहे. १९९० च्या दशकापासून मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत नाव नोंदवता येत असे. २०२० च्या दुरुस्तीने मतदानाच्या दिवशीही नोंदणी करून विशेष मत देण्याची मुभा दिली. विशेष मत म्हणजे मतदार लेखी प्रतिज्ञापत्र करून मत देतो आणि त्याची पात्रता नंतर तपासून मगच ते मत मोजतात. २०२३ मध्ये अशी सुमारे ६ लाख मते होती, एकूण मतांच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. ती मोजल्यावर नॅशनल पक्षाच्या जागा ५० वरून ४८ वर आल्या आणि ‘ते पाती माओरी’ या माओरी पक्षाच्या ४ वरून ६ झाल्या. मोजणीचा हा ताण आणि विलंब पुढे करून सरकारने जुलै २०२५ मध्ये नवे विधेयक मांडले. मतदानाच्या १३ दिवस आधी नोंदणी बंद करायची, असा त्याचा मुख्य प्रस्ताव. त्याच सरकारच्या तेव्हाच्या महान्यायवादी जुडिथ कॉलिन्स यांनी आपल्या अहवालात हा प्रस्ताव हक्कांच्या कायद्याशी विसंगत असल्याचे नोंदवले आणि एक लाखाहून अधिक लोकांचा मताधिकार त्यात अडकू शकतो असा इशारा दिला.

येथेही दारात कार्ड मागण्याचा प्रस्ताव नाही. पण परिणाम त्याच लोकांवर होतो, जे वरचेवर घर बदलतात आणि ज्यांचा पत्ता यादीत मागे राहतो. अवोन्डेल हे भाडेकरूंचे आणि नव्याने आलेल्यांचे उपनगर असल्याने तेथे अशी माणसे पुष्कळ आहेत. संगणकावर नाव नोंदवायचे तर न्यूझीलंडचा वाहन परवाना, पासपोर्ट किंवा ‘रिअलमी’ ही सरकारी ऑनलाइन ओळख लागते. यांपैकी काहीच नसणाऱ्यासाठी कागदी अर्ज आहे. मतदानाच्या दारात न मागितलेले कागद नोंदणीच्या या वाटेवर आधीच मागितले जाऊ लागले आहेत, आणि अर्ज हाती पडेपर्यंत विधेयकातील १३ दिवसांची मुदत उलटली तर ते नाव त्या निवडणुकीच्या यादीत येणार नाही.